समोरच्या दाराचा जामीन

मी भित्री आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला धाडसी साक्षीदार वगैरे समजायला नको. मी पालीला घाबरते, लिफ्टला घाबरते, बँकेतून फोन आला तरी घाबरते. नवरा म्हणतो, तुला ज्याची भीती वाटत नाही अशी एकच गोष्ट या जगात आहे, ती म्हणजे मी. ते मात्र खरं आहे.

डोंबिवली पश्चिमेला आमची जुनी सोसायटी आहे. लिफ्ट नाही, म्हणून तर जागा घेतली असं मी लोकांना गमतीने सांगते. दुसऱ्या मजल्यावर दोनच घरं, दारं समोरासमोर, मधे एवढीच जागा की दोन्हीकडच्या चपला एकमेकांत मिसळून जातात. समोरचं कुटुंब साताऱ्याकडचं, आम्ही कोकणातले. त्या घरातल्या बाई माझ्यापेक्षा मोठ्या, म्हणून मी त्यांना वहिनी म्हणते आणि त्या मला ताई म्हणतात. घरात वहिनी, त्यांचे यजमान आणि एक मुलगा. मुलगा आमच्या डोळ्यांदेखत शाळेतून कॉलेजात गेला, कॉलेज अर्धवट सोडून कुठल्या तरी वसुलीच्या एजन्सीत लागला आणि मग त्याने मोठी बाइक घेतली.

आमच्या दोन घरांत बोलण्यापेक्षा डब्यांची ये-जा जास्त होती. वहिनींचा एक स्टीलचा कडीचा डबा होता, त्याच्यावर त्यांच्या यजमानांचं नाव कोरलेलं. संक्रांतीला त्यातून गुळाच्या पोळ्या यायच्या, नवरात्रात कडाकण्या यायच्या, अधूनमधून नुसता ठेचाही यायचा. मी तो डबा घासून, पुसून, त्यात काहीतरी घालून परत द्यायची. कधी घावन, कधी आंबोळ्या, अगदीच काही नसेल तर मूठभर साखर. आलेलं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, हे माझ्या आईने मला अक्षरांच्या आधी शिकवलं असेल. डोकं वापरावं लागत नाही, हातच ते करतात.

वहिनींचं दार मात्र नेहमी बंद असायचं. आमच्याकडे दिवसभर दार सताड उघडं, त्यांच्याकडे बेल वाजवली की आधी कडीचा आवाज, मग साखळीचा, मग चार बोटं फट. आतून कधीमधी भांडी पडल्याचा आवाज यायचा. मी विचारलं की त्या म्हणायच्या, मांजर आलेलं. दुसऱ्या मजल्यावर मांजर कुठून येतं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. शेजाऱ्याच्या घरातलं जेवढं डब्यात येतं तेवढंच आपल्याला ठाऊक असतं.

दसरा होऊन गेल्यावर एका संध्याकाळी मी चष्म्याच्या दुकानातून घरी येत होते. मी तिथे काउंटरवर असते, लोकांना फ्रेम्स दाखवते. हातात भाजीची पिशवी होती. पार्किंगमध्ये शिरले तर आवाज चढलेले. तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी आपली स्कूटर वहिनींच्या मुलाच्या बाइकच्या जागी लावली होती, एवढंच कारण. मी मान खाली घालून जिन्याकडे निघाले, कारण भांडण दिसलं की मी तेच करते. मग एक असा आवाज आला की मान वर झालीच. त्याच्या हातात लोखंडी रॉड होता. गृहस्थ खाली पडलेले होते आणि तो थांबत नव्हता.

मग तो थांबला आणि त्याने मला पाहिलं. ओरडला नाही, धमकी दिली नाही. धाप लागलेली असताना अगदी रोजच्या आवाजात म्हणाला, "काकू, तुम्ही वर जा."

आणि मी वर गेले.

खाली लोक जमले, कुणीतरी रिक्षा आणली, गृहस्थांना दवाखान्यात नेलं. पोलिस आले तेव्हा त्यांनी दार न् दार वाजवलं. सगळ्यांनी सांगितलं, आम्ही टीव्ही बघत होतो. मीही तेच सांगणार होते, नवऱ्याने तसं मला बजावलंही होतं. पण फौजदाराने विचारलं, "तुम्ही काही पाहिलंत का?" आणि मला रडूच फुटलं. रडल्यावर टीव्ही बघत होते असं कसं सांगणार? मी शूर नाही, मला खोटं बोलता येत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरीचा त्रास जास्त होतो.

तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ वाचले. पण त्यांचं बोलणं अडखळायला लागलं आणि त्या संध्याकाळचं त्यांना काहीही आठवेना. त्यांच्या बायकोने घराला कुलूप लावलं आणि त्यांना घेऊन ती मोहन्याला सासूकडे राहायला गेली. मोहने काही लांब नाही, पण ती पुन्हा आमच्या इमारतीत पाऊल टाकायला तयार नव्हती. वॉचमन गावी गेला तो परत आलाच नाही. राहिले मी. पाहिलेलं सांगणारी एकटी मी.

मुलाला अटक झाली, खुनाच्या प्रयत्नाचं कलम लागलं आणि त्याची रवानगी कल्याणच्या तुरुंगात झाली. त्याने लगेच जामिनासाठी अर्ज केला होता, तो कल्याणच्या कोर्टाने तपास चालू आहे म्हणून फेटाळला. मला वाटलं, सुटले. जामीन एकदा नाही म्हटलं की नाहीच, अशी माझी समजूत. फौजदाराने ती दूर केली. म्हणाला, आरोपपत्र दाखल झालं की ते परत अर्ज करतील, इथे नाही झालं तर हायकोर्टात जातील, तो त्यांचा हक्क आहे.

तेव्हापासून माझी भीती नियमाने सुरू झाली. बाहेर पडण्याआधी मी दाराच्या भिंगातून बघायची. समोरचं दार, दारावरचा गणपती, खालच्या चपला. त्याचे काळे बूट नाहीत ना, एवढंच बघायचं. तो तुरुंगात आहे हे मला माहीत होतं, तरी बघायची. मुलगी ठाण्याला कॉलेजात जाते, ती पोचल्याचा मेसेज येईपर्यंत दुकानात मी गिऱ्हाइकाला नंबरच्या काचा उलट्यापालट्या द्यायच्याच काय त्या बाकी ठेवायची. तो बाहेर आला तर कुठे येणार? इथेच. माझ्या दारासमोर. मी भाजी आणायला निघणार आणि तो म्हणणार, काकू, तुम्ही आत जा.

आणि या सगळ्यात मला वहिनींचा रागही यायला लागला. कारण मुलगा आत गेल्यापासून त्यांचं दार उघडं असायला लागलं. आधी फट, मग अर्धं, मग पूर्ण. उंबऱ्यात बसून त्या भाजी निवडायच्या. एक दिवस तर गुणगुणताना ऐकू आल्या. पोटचा पोर तुरुंगात आणि ही बाई गाणं म्हणते, असं मी नवऱ्याला तणतणत सांगितलं. तो म्हणाला, "अगं, माणूस दुःखातपण गुणगुणतं." मला ते दुःखातलं वाटत नव्हतं.

आम्ही बोलत मात्र नव्हतो. माझ्या जबाबामुळे त्यांचा मुलगा आत होता, यावर बोलणार काय? समोरासमोर आलो की दोघीही चपला शोधायचो.

होळीला बेल वाजली. भिंगातून पाहिलं तर वहिनी, हातात तो कडीचा डबा. मी दार उघडलं. त्या म्हणाल्या, "पुरणपोळ्या आहेत. लेकीला आवडतात ना." आणि लगेच वळल्या. मी डबा ओट्यावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिले. नवरा म्हणाला, खाऊ नको. मुलगी म्हणाली, मी खाणार, आणि तिने खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी मी डबा घासला, पुसला, आणि मुलीसाठी केलेल्या खोबऱ्याच्या वड्यांतल्या निम्म्या त्यात भरल्या. वहिनींच्या यजमानांनी दार उघडलं, त्यांच्या हातात डबा दिला आणि घरी आले. हे सगळं करताना माझ्या डोक्यात काय होतं असं कुणी विचारलं तर काहीच नव्हतं. पोळ्या आल्या, वड्या गेल्या.

पाडवा झाल्यावर त्यांचा दुसरा अर्ज सुनावणीला आला. सरकारी वकील बाईंनी निरोप दिला की साक्षीदार कोर्टात हजर असलेली बरी. नवरा कोलशेतच्या कंपनीतून रजा काढून माझ्याबरोबर आला. कोर्टाच्या व्हरांड्यात वकील बाईंनी मला सगळं समजावून सांगितलं. गुन्हा केला की नाही ते आज ठरणार नाही, ते खटल्यात. आज न्यायाधीश एवढंच बघतील की आरोप किती गंभीर आहे, कागदावर पुरावा काय दिसतो, सोडलं तर हा पळून जाईल का, पुन्हा असं करील का, आणि साक्षीदारांवर दबाव आणील का. बोलताना शेवटच्या मुद्द्याला त्यांनी माझ्याकडे बोट केलं. मी मनाची तयारी करून आले होते की तो मला दिसेल. पण जामिनाच्या सुनावणीला आरोपीला आणतातच असं नाही. तो नव्हताच. माझ्या पुढच्या बाकावर वहिनी आणि त्यांचे यजमान बसले होते.

आरोपीचा वकील बोलायला उभा राहिला आणि मला पहिला धक्का बसला, कारण तो खोटं बोलत नव्हता. म्हणाला, तपास संपला आहे, आरोपपत्र दाखल झालं आहे, रॉड जप्त आहे, जखमी माणूस घरी आला आहे. मुलावर आधीचा एकही गुन्हा नाही. खटला कधी उभा राहील याचा नेम नाही. मग दोष सिद्ध व्हायच्या आधीच त्याने वर्षानुवर्षं आत बसायचं का? उद्या तो निर्दोष सुटला तर ही वर्षं त्याला कोण परत देणार? मला एकदम वाटलं, माझी मुलगी अशी कुठे अडकली असती तर मीही याच वकिलाला शोधत गेले असते. त्याचं बोलणं पटत होतं आणि पटत होतं तसतशी मी नवऱ्याच्या बाजूला सरकत होते.

मग सरकारी वकील बाई उठल्या. मारहाण किती निर्दय होती ते त्यांनी डॉक्टरांच्या कागदावरून वाचलं. म्हणाल्या, प्रत्यक्ष पाहणारी एकच साक्षीदार आहे, ती आरोपीच्या दारासमोर राहते, ती भीतीच्या छायेत आहे.

त्यावर आरोपीचा वकील हसला. दुष्टपणे नव्हे, अगदी गोड हसला. त्याने मोबाइलवरच्या फोटोची छापील प्रत पुढे केली. उघडा डबा, आत वड्या. आरोपीच्या वडिलांनी प्रतिज्ञापत्रावर सांगितलं होतं की होळीच्या दुसऱ्या दिवशी साक्षीदार बाईंनी स्वतः येऊन हा खाऊ दिला, दोन्ही घरांचे संबंध आजही सलोख्याचे आहेत. वकील म्हणाला, भीतीच्या छायेतली माणसं शेजाऱ्यांना खोबऱ्याच्या वड्या देत नाहीत. मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. फौजदाराने वळून माझ्याकडे असं पाहिलं, जणू रॉड माझ्याच हातात सापडला होता.

वहिनींची मान खाली होती. त्यांच्या यजमानांनी तो फोटो काढला होता हे त्यांना त्या क्षणी कळत होतं, हे मला त्यांच्या पाठीवरूनही दिसलं.

न्यायाधीशांनी विचारलं, साक्षीदार आल्या आहेत का? मी उठले. नवऱ्याने मागून कोपराला धरलं. त्यांनी मला पुढे बोलावलं.

"वड्या तुम्ही दिल्यात?"

"हो."

"मग तुम्हाला भीती वाटते असं सरकारी वकील म्हणतात, ते खरं आहे का?"

माझ्या अगदी जवळ वहिनी बसल्या होत्या, हात लांब केला असता तर लागला असता. मी म्हणाले, "वाटते, साहेब."

"भीती वाटते आणि वड्या देता?"

"डबा त्यांचा होता," मी म्हणाले. "रिकामा कसा देणार?"

या वेळी कुणी हसलं नाही. न्यायाधीशांनी चष्मा काढला, परत लावला आणि काहीतरी लिहून घेतलं. एवढंच झालं. बाहेर आल्यावर फौजदार माझ्यावर वैतागला. म्हणाला, "बाई, आम्ही इकडे जीव तोडून लिहितोय आणि तुम्ही तिकडे फराळ वाटताय."

निकाल पुढच्या तारखेला लागला. जामीन मंजूर झाला. पण अटी घातल्या. माझी साक्ष होईपर्यंत त्याने आमच्या पोलिस ठाण्याच्या हद्दीत पाऊल टाकायचं नाही. मला, माझ्या घरच्यांना फोन करायचा नाही, निरोप पाठवायचा नाही. खडवलीला त्याच्या काकांचं बंद घर होतं, तिथे राहायचं आणि दर आठवड्याला तिकडच्या पोलिस ठाण्यात हजेरी लावायची. अट मोडली तर जामीन रद्द. वकील बाईंनी मला सांगितलं, आदेशात लिहिलंय की साक्षीदाराची भीती खोटी म्हणता येणार नाही. वड्यांचं काय लिहिलं ते मी विचारलं नाही.

मी घरी येऊन पोटभर जेवले. कित्येक महिन्यांनी मी भिंगातून न बघता खाली गेले आणि कोथिंबीर घेऊन आले. तो सुटला होता, पण लांब सुटला होता. खडवली म्हणजे कल्याणच्या पुढे, कसाऱ्याच्या वाटेवर. नदी, शेतं, गाव. राहू दे तिकडे.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी आल्या. हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात डबा. मी त्यांना आत घेतलं. त्या बसल्या नाहीत.

म्हणाल्या, त्या खडवलीला चालल्या आहेत. मुलगा एकटा राहणार, त्याचं जेवणखाण कोण बघणार, म्हणून यजमानांनी ठरवलंय. ते इथे राहून नोकरी करतील, रविवारी येतजात राहतील. मी म्हटलं, वकिलाने तो फोटो दाखवला त्याबद्दल मी तुमच्यावर रागावलेली नाही. त्या म्हणाल्या, मला ठाऊक नव्हतं. मग जरा वेळ आमच्या फ्रिजवरच्या देवाच्या फोटोकडे बघत उभ्या राहिल्या.

"त्यांनी तुम्हाला विचारलं," त्या म्हणाल्या. "भीती वाटते का म्हणून. मला कुणी विचारलंच नाही, ताई."

मला आधी कळलं नाही. मग त्यांनी डबा या हातातून त्या हातात घेतला, बांगड्या वर सरकल्या आणि मनगटाच्या वर जुन्या, वाकड्या जुळलेल्या हाडाचा उंचवटा दिसला. त्यांनी लगेच पदर ओढला. पडलेली भांडी, मांजर, साखळी, चार बोटं फट, आणि तो आत गेल्यावर उघडलेलं दार, उंबऱ्यातलं गुणगुणणं, सगळं एकदम माझ्या डोक्यात आलं. मी त्या गाण्यावर तणतणले होते.

मी म्हणाले, जाऊ नका. पोलिसांना सांगू, वकील बाईंना सांगू. त्या म्हणाल्या, आईने कसं सांगायचं? आणि मी नाही गेले तर यांना जावं लागेल, यांच्यावर तर त्याचा जास्त राग आहे. शिवाय तो एकटा राहिला, खाल्लं-प्यायलं नाही, काही करून बसला तर? त्या त्याला घाबरत होत्या आणि त्याच्यासाठीही घाबरत होत्या. ही दोन ओझी एका बाईने कशी वाहायची हे मला आजही कळलेलं नाही.

मला माझी सुटका आठवली, कालचं जेवण आठवलं. मी कोर्टात भीती वाटते म्हणाले आणि कोर्टाने त्याला माझ्यापासून दूर नेलं. नेलं ते वहिनींजवळ. न्यायाधीशांचं काही चुकलं असंही मी म्हणू शकत नाही. त्यांच्यासमोर जे आलं त्यावर त्यांनी ठरवलं, आणि वहिनींचं कुणी समोर आणलंच नव्हतं.

मी त्यांच्या हातातला डबा घेतला. आत दोन मुठी शेंगदाण्याची चटणी होती. ती काढून घेतली, डबा धुतला आणि घरात होता तो चिवडा त्यात भरला. भरता भरता मला सुचलं. म्हणाले, "वहिनी, भाऊजी रविवारी येतील त्यांच्या हाती डबा पाठवत जा. काहीही घाला. आणि काही झालं तर..."

"तर?"

"तर रिकामा पाठवा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, हसतील. त्या हसल्या नाहीत. डबा पिशवीत ठेवून जिना उतरून गेल्या.

त्यानंतर रविवार मला नकोसा झाला. भाऊजी संध्याकाळी परत यायचे, बेल वाजवायचे, जरा टेकायचे आणि डबा द्यायचे. त्यांच्या लेखी हे बायकांचं खूळ होतं. मी दार लावून डबा ओट्यावर ठेवायची आणि कडी काढायला माझा हात धजायचा नाही. मुलगी म्हणायची, "आई, मी उघडू का?" मी तिला लांब उभी करायची, जणू आत साप आहे. मग झाकण उघडायचं. करवंदं. पुढच्या खेपेला सोललेले वाल. मग जांभळं, मग शेवग्याच्या शेंगांचे तुकडे. एकदा झाकण उघडलं तर तळाशी फक्त मूठभर साखर होती. मी ती साखर बोटाने चाचपली, काही निरोप आहे का म्हणून चिमूटभर तोंडातही टाकली. साखर म्हणजे रिकामा नव्हे, असं नवऱ्याने मला तीनतीनदा सांगितलं. त्यालाही ते स्वतःला सांगायचं होतं. मी तोच डबा भरून भाऊजींच्या हाती परत पाठवायची. माझा जीव मात्र आठवडाभर त्या डब्यात असायचा.

आषाढातल्या एका रविवारी भाऊजी आले ते नेहमीसारखे टेकले नाहीत. डबा माझ्या हातात दिला तो हलका लागला. म्हणाले, "घाईत होती. विसरली असेल." बोलताना ते चपलांकडे बघत होते.

मी तिथेच, त्यांच्यासमोर झाकण उघडलं. आत काही नव्हतं. डबा घासलेला, पुसलेला, कोरडा होता. वास घेतला तर कशाचा वासही नाही. विसरलेला डबा असा नसतो. ज्या बाईने उभ्या आयुष्यात भांडं रिकामं परत दिलं नाही तिने तो चांगला घासूनपुसून रिकामा पाठवला होता.

मी नवऱ्याला हाक मारली आणि आम्ही तसेच रिक्षा पकडून पोलिस ठाण्यात गेलो. फौजदार होता. मला बघून त्याला आधी वाटलं की मुलाने अट मोडली. विचारलं, "फोन आला? इकडे आलेला?" मी नाही म्हणाले. "मग धमकी?" नाही. "मग तक्रार कसली आहे, बाई?"

मी डबा त्याच्या टेबलावर ठेवला. त्याने कडी काढली, झाकण उचललं आणि आत पाहिलं.

"कुणी पाठवलाय?"

"वहिनींनी. त्याच्या आईने."

सुनावणीच्या दिवशी फौजदार कोर्टातच होता. रिकाम्या डब्याचं माझं उत्तर त्याने ऐकलेलं होतं. त्याने डब्यावर झाकण ठेवलं. मग तिकडच्या ठाण्याला फोन लावला, माणूस पाठवायला सांगितलं आणि टोपी उचलली. म्हणाला, "चला."

खडवलीला आम्ही पोचलो तेव्हा तिकडचे पोलिस मुलाला घेऊन गेलेले होते. वहिनी घराच्या पायरीवर बसल्या होत्या, कपाळाला ओला पदर लावून, डावा हात मांडीवर नुसता ठेवलेला. जीपमधून मी उतरले तेव्हा त्यांनी माझ्या हातातल्या डब्याकडे पाहिलं. मी तो उलटा करून दाखवला. त्यात काही घातलं नव्हतं. भरून परत द्यायचाच नव्हता, वहिनींनाच परत न्यायचं होतं.

आता त्या आमच्याकडे राहतात. हाताला प्लास्टर आहे. त्यांनी जबाब दिला, पण फौजदाराने सांगितलंय, जामीन रद्द होईलच असं नाही. त्याचा वकील म्हणेल, अट साक्षीदाराबद्दल होती, आईबद्दल नव्हती, घरातली बाचाबाची आहे, आई मुलाविरुद्ध खरंच बोलते आहे का ते तिलाच विचारा. आणि न्यायाधीश विचारतील. तारीख जवळ आली आहे आणि मी परत भिंगातून बघायला लागले आहे.

काल संध्याकाळी मी कणीक मळत होते. वहिनी उंबऱ्यात बसून एका हाताने मेथी निवडत होत्या. मधेच म्हणाल्या, "ताई, तुम्ही ते कसं म्हणालात हो? तिथे सगळ्यांच्या पुढ्यात?"

मी म्हणाले, नुसतं म्हणायचं. दुसरं काही सांगायचं नाही.

त्यांनी मेथीची काडी बाजूला टाकली. समोरच्या आपल्या बंद दाराकडे बघत, अगदी हळू, ओठांतल्या ओठांत म्हणाल्या, "वाटते, साहेब." मग माझ्याकडे बघितलं, ऐकू आलं का म्हणून. मी मान हलवली. त्यांनी घसा साफ केला आणि परत म्हणून बघितलं, या वेळी जरा मोठ्याने.